नऊ लाख मार्कांचा मोबाईल

माझ्या मोबाईलचा भर लग्नमांडवात शाल आणि नारळ देऊन सत्कार झालेला आहे. एवढा मान मला स्वतःला सासरवाडीत कधीच मिळालेला नाही.

लग्न माझ्या मेहुण्याचं होतं, शेवगावजवळच्या गावात, ऐन मे महिन्यात. त्याची धाकटी बहीण शीतल राहात्याला सासरी होती. बाळंत होईपर्यंत पलंगावरून उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. एकुलत्या एका भावाचं लग्न आणि आपण नाही, म्हणून ती रोज फोनवर रडायची. शेवटी तिनं माझ्याकडे एकच मागणं केलं.

"दाजी, बाकी काय नको. फकस्त अक्षता पडताना व्हिडिओ कॉलवर दाखवा."

मी म्हणालो, काळजीच सोडून दे. (हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला म्हटलंय, त्याला त्याला काळजी करावी लागली आहे.)

कारण मी नुकताच नवा मोबाईल घेतला होता, तोही बेंचमार्क बघून! बेंचमार्क म्हणजे मोबाईलची परीक्षा. एक ॲप असतं. ते मोबाईलकडून गणितं सोडवून घेतं, पडद्यावर राक्षस आणि विमानं पळवतं आणि शेवटी मार्क देतं. माझ्या मोबाईलला नऊ लाख पडले होते. मला दहावीला गणितात पस्तीस होते, त्यामुळे खिशात एवढी हुशारी बाळगायची मला सवय नव्हती. माझा जुना मोबाईल मी बायकोला, मनीषाला, दिला होता. त्याला एकदा या परीक्षेला बसवलं, तर तो अर्ध्यातच बंद पडला. लग्नाला ती तोच घेऊन निघाली, तेव्हा चारचौघांत तो पिशवीबाहेर काढू नकोस, असं मी तिला बजावलं.

आमच्याकडे मुहूर्त पत्रिकेत असतो आणि लग्न मात्र पुढाऱ्यांची भाषणं संपल्यावर लागतं. माजी सरपंच झाले, आजी सरपंच झाले, होऊ घातलेले सरपंच माईकवर आले. शेजारच्या पाहुण्यांनी फोन नवा दिसतोय म्हणून विचारलं. मला तेवढंच हवं होतं. मी परीक्षा लावून दाखवली. आठ लाख आले. मघाशी तर नऊ सांगत होता, असं एक पाहुणे म्हणाले. मी म्हणालो, उन्हानं कमी पडले, पुन्हा बघा. पुन्हा लावली तर सात! मग मात्र मी पेटलो. गार पाण्याच्या जारला टेकवून लावली, टेबलफॅनसमोर धरून लावली. मार्क उतरत गेले आणि मोबाईल तव्यासारखा तापत गेला. भोवती ही गर्दी जमली.

गर्दी बघून माईकवरून नावं पुकारणारे शाळेतले गुरुजी चौकशीला आले. त्यांच्याकडे सत्काराची एक शाल उरली होती आणि आणलेली शाल परत नेणं आमच्याकडे कमीपणाचं समजतात. त्यांनी सरळ पुकारलं की, परीक्षेत नऊ लाख मार्क मिळवल्याबद्दल आपल्या जावईबापूंच्या मोबाईलचा सत्कार होत आहे. सासरे अभिमानानं उठले. मे महिन्यातल्या त्या तापलेल्या मोबाईलला त्यांनी लोकरी शाल गुंडाळली आणि शेजारी नारळ ठेवला! सासूबाईंनी कुठल्याही नव्या वस्तूला लावतात तसं हळदकुंकू लावलं, ते नेमकं कॅमेऱ्यावर. टाळ्या झाल्या. मी मोबाईलच्या वतीनं दोन शब्दही बोललो.

तेवढ्यात भाषणं अचानक संपली. (शेवटच्या पुढाऱ्यांना दुसरं लग्न लावायला जायचं होतं.) अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या आणि शीतलचा कॉल आला. तिला पडदाभर लालभडक दिसलं. मांडवाला आग लागली की काय, असं ती घाबरून विचारू लागली. मी शर्टाच्या टोकानं कॅमेरा पुसतोय तोवर पडद्यावर सूचना आली, की फोन फार तापला आहे, थंड होऊ द्या. आणि नऊ लाखांनी डोळे मिटले.

त्या पोरीनं एवढं एकच मागितलं होतं. मला खरंच रडू यायला लागलं. मांडवात गार हवा एकाच ठिकाणी होती. स्टेजवर, नवरानवरी समोरासमोर उभे होते तिथं, मागच्या बाजूला कूलर लावला होता. मी धावलो, वर चढलो, कूलरसमोर उकिडवा बसलो, मोबाईल जाळीला लावला आणि वरून स्वतःही फुंकर घालू लागलो.

"पाव्हनं, खाली या," सासरे दबक्या आवाजात म्हणाले. "लगीन लागतंय."

"मामा, भटजींना जरा थांबवा. चालू होतोय."

भटजी थांबले नाहीत. 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली, चहूकडून अक्षता आल्या आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच मानेवर बसल्या. मोबाईल काही जागा झाला नाही.

आता शीतलला काय सांगायचं, या विचारात मी मान खाली घालून उतरलो. समोर मनीषा जुना मोबाईल उंच धरून उभी होती. माझी आज्ञा मोडून तिनं तो पिशवीतून काढला होता आणि बहिणीला कॉल लावला होता. पडद्यावर शीतल डोळे पुसत होती आणि हसतही होती. माझ्या जिवात जीव आला. दिसल्या का अक्षता, असं मी विचारलं.

"दिसल्या की, दाजी. अंतरपाट धरला हुता तवर नीट चाललं हुतं. अंतरपाट काढला, तर दादा अन् वैनीच्या मधी तुमीच बसल्याले."

परीक्षेत नापास झालेल्या त्या मोबाईलनं माझ्या मानेवरचा तांदळाचा दाणा न् दाणा स्पष्ट दाखवला होता.