ओल्ड झालेला नंदी

दार, दिवाण, देव्हारा आणि तान्ह्या पोळ्याच्या लेकरांच्या सणात माझ्या पोरानं दोरीनं ओढलेला सागवानी नंदी, सगळं मी स्वतः बनवलं. कोणाकडे शिकलो नाही. नंदीत एकही खिळा नाही.

आज पांढुर्ण्यात जुन्या वस्तू घेणारा व्यापारी घरी आला. "काका, नंदी ओल्ड आहे म्हणूनच भाव देऊन राहिलो."

पुण्याला पोराला फोन लावला. "बाबा, ओल्ड झाला तो. देऊन टाका."

फोनात त्याच्या मागं सून नातवाला शिकवून राहिली होती, "हाऊ ओल्ड आर यू?" तो म्हणाला, "थ्री!"

एकाच शब्दात भाव, भंगार अन् लेकराचं वय. त्या लेकरानं नंदीची दोरी अजून धरलीच नाही. घरात मी एकटाच.

तुम्ही काय केलं असतं? मी व्यापाऱ्याला नाही म्हटलं. तो बारा हजार देत होता.