बापूंचा तांब्या

मुंबई विमानतळाच्या दारात आई माझ्या हातावर दही ठेवत होती आणि माझा नवरा नितीन सगळ्यांना समजावत होता, की उद्या महायुद्ध पेटलं तरी न्यूझीलंडवर बॉम्ब टाकायला कुणाला सवड होणार नाही. तो इंजिनीअर, मी फार्मासिस्ट. निघायची आमची खरी कारणं पगार आणि मोकळी हवा, पण हे कारण सांगताना त्याला जरा ऐट वाटायची. माझे वडील, आप्पा, साताऱ्यात आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेले. ते म्हणाले, "लांब जाताय म्हणजे युद्धापासून लांब जाताय असं समजू नका. चौदा सालच्या युद्धात तिथलीही पोरं गेली होती." निघताना कुणी असं बोलतं का! मी आपलं हसण्यावारी न्यायला म्हटलं, माझ्यासाठीही एक तांब्या ठेवा. आईने माझ्या तोंडावरच हात ठेवला.

"अभद्र बोलू नकोस."

तांब्याचं आधी सांगायला हवं. आप्पांचे चुलत आजोबा, बापू, पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेले. दारात 'येतो' म्हणाले आणि गेले. पुढे बेपत्ता झाल्याचं कळलं, त्यानंतर काहीच नाही. त्यांच्या बायकोला सगळे जिजी म्हणत. आप्पांनी तिला लहानपणी पाहिलेलं. तिने कुंकू पुसलं नाही की बांगड्या उतरवल्या नाहीत. रोज तिन्हीसांजेला ती उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. जिजी गेली, तांब्या राहिला. गाव सुटलं, आप्पा साताऱ्यात फ्लॅटमध्ये आले, तर तिथेही लिफ्टसमोर तांब्या. सकाळी पाणी थोडं कमी झालेलं असायचं. आप्पा म्हणायचे, हवा कोरडी आहे. भर पावसाळ्यातही हेच म्हणायचे. आम्ही भावंडं शाळेला निघताना तिकडे न बघता जिना उतरायचो.

महायुद्धाची कारणं आप्पांनीच मला शिकवली, भर वर्गात, सगळ्यांबरोबर. गुप्त करार, शस्त्रांची चढाओढ, वसाहतींची हाव, आणि मग तात्कालिक कारण, एका राजपुत्राचा खून. आमची पेनं वहीत पळत असायची. आप्पा म्हणायचे, "खून ही नुसती काडी, मुलांनो. गवत आधीच वाळलेलं होतं. वाळत होतं तेव्हा लोक सणवार करत होते, मुलींची लग्नं ठरवत होते." मग खिडकीबाहेर बघत पुटपुटायचे, की आमच्या बापूंना त्या राजपुत्राचं नावसुद्धा माहीत नव्हतं. हे काही परीक्षेत येणार नव्हतं, म्हणून आम्ही लिहून घेतलं नाही.

ऑकलंडला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात गाडी काढून खूप भटकलो. एक पेट्रोल पंप, एक डेअरी, म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं दुकान, आणि बाकी सगळ्या मेंढ्या, अशा गावांतही चौकात दगडी खांब उभा. त्यावर युद्धात गेलेल्या पोरांची नावं. एकाच आडनावाचे भाऊ एकाखाली एक. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि खांबावर मात्र गाव भरलेलं. नितीन जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफट वाजवत फोटो काढत होता, त्यानेही फोन खिशात घातला. मला वाटलं, यांनाही त्या राजपुत्राचं नाव कुठे माहीत असणार?

आमची रेवा इथलीच. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. या वर्षी तिने जाहीर केलं, आर्मीत मेडिक म्हणून जाणार. हॉस्पिटलं ओस पडली आहेत का, मी विचारलं. "हीप्स ऑफ पीपल डू इट, आई." नितीनचा सुरक्षित देश त्याच्याच पोरीला गणवेश द्यायला निघाला होता.

तिकडे बातम्यांत रोज एक नवा देश सामील होत होता. एका शनिवारी ऑकलंडमधल्याच सँडरिंगहॅमच्या इंडियन दुकानात गेले तर ओळखीची प्रत्येक बाई तूरडाळीची एक पिशवी जास्त घेत होती. कुणी कुणाला कारण विचारलं नाही. सगळ्या पोरांच्या परीक्षांचं बोलत होत्या, हसत होत्या, आणि हात आपले पिशव्या उचलत होते. माझेही. बाहेर इतकं स्वच्छ ऊन होतं की अंगावर काटा आला. रविवारी आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. गवताचा वास येतोय का गं तिकडे, त्यांनी विचारलं. मी चिडून म्हटलं, आप्पा, इतिहास पुरे.

रेवा निघाली त्या दुपारी नितीन तिची बॅग गाडीत टाकत होता. मी मन घट्ट करून दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर माझा देवघरातला तांब्या, काठोकाठ भरलेला. आजोबांकडून व्हिडिओ कॉलवर गोष्ट ऐकून बाईसाहेबांनी समजूत करून घेतली होती, की प्रवासाला निघणाऱ्याने हा ठेवायचा असतो.

"आय पुट माइन आउट, आई. सो आय कम बॅक." मला मिठी मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा न सांगता मराठीत म्हणाली, "येते हं."

गाडी वळली. तांब्या तिथेच. आमच्या घरात तो न परतलेल्या माणसाचा. आत घ्यावा तर पोरीने परत येण्यासाठी ठेवलेला, ठेवावा तर अभद्र. हात लावायची हिंमत होईना. मी तिथेच पायरीवर बसले आणि साताऱ्याला फोन लावला. तिकडे सकाळचा चहा चालला होता. मला नीट बोलता येत नव्हतं, पण आप्पांना समजलं.

"राहू दे तो," ते म्हणाले. "जिजीने पाणी बेपत्ताची बातमी आल्यावर नाही ठेवलं. बापू निघाले त्याच संध्याकाळी ठेवलं. तहानलेले येतील म्हणून. सगळ्यांना वाटत होतं, दिवाळीला परत येतील. बंद कधी करायचं, हे तिला कुणी सांगितलंच नाही."

मग ते हळूच म्हणाले, "तुझाही आहे."

"माझा?"

"तू निघालीस त्या दिवसापासून. बापूंच्या शेजारी."

मी म्हटलं, दर वेळी येते तेव्हा तर एकच दिसतो.

"तू घरात असल्यावर कशाला ठेवायचा? आई आत घेते. तीच भरते रोज. मी सांगितलं म्हणू नकोस."

तिकडे मागे कपबशांचा आवाज येत होता. आई कुणाचा फोन म्हणून विचारत होती. मला रडू आवरेना. तरी विचारलंच, आप्पा, सकाळी पाणी कुणाच्या तांब्यातलं कमी होतं?

"दोन्हीतलं," ते म्हणाले. हवेचं काही बोलले नाहीत.

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघालेल्यांनो, घर कुठलं असं मला आता कुणी विचारलं की साताऱ्याच्या लिफ्टसमोरची ती जागा आठवते. तिथे मी रोज रात्री जाते म्हणे, तहानलेली, आणि मलाच ते माहीत नसतं. आणि इथे ही आमची पायरी. रेवाचा फोन येतो, स्वीट अ‍ॅज, म्हणजे सगळं झकास, म्हणते, जेवण बरं आहे म्हणते. आज सकाळी तिच्या तांब्यातलं पाणी बोटभर कमी होतं. मी भरून ठेवलं.