लिनिअर लॉजिकचं पहिलं पुस्तक

मंडळी, आज जामखेडहून एसटीने नगरला गेले, फक्त एका पुस्तकासाठी. गणिताच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी लिनिअर लॉजिक हा तर्कशास्त्रातला विषय घेतलाय. त्यात एखादं गृहीतक एकदा वापरलं की संपतं, एवढंच मला कळलंय.

तिथल्या सावेडी भागातल्या पुस्तकाच्या दुकानदाराने स्पर्धा परीक्षेचं रीझनिंगचं पुस्तक पुढे केलं. "ताई, लॉजिक म्हणजे हेच ना?"

मग ज्यांनी मला सिद्धता लिहायला शिकवली, त्या निवृत्त सरांकडे गेले. ते म्हणाले, "मीही लई शोधलं गं. नेटवर मिळतं ते सगळं ज्यांना हे आधीच येतं त्यांच्यासाठी लिहिलेलं. मी सोडून दिलं. तूही विषय बदल."

सरांनीच असं म्हटलं. सोमवारी विषय बदलून मागणार आहे.

पहिली पायरीच सापडली नाही म्हणून आवडता विषय सोडलेलं तुमच्यात कुणी आहे का?