हत्शेपसुतच्या देवळात गणपती

विद्युल्लताबाईंचा पारा चढायला एरवी निमित्त लागत नाही. यंदा तर नवऱ्याने निमित्त टेम्पोत घालून घरी आणलं.

नवऱ्याचं, म्हणजे अंबादासचं, आखातातल्या उम्म अल कुवैनला वर्कशॉप. प्रदर्शनांचे सेट आणि दुकानांच्या पाट्या बनवणं हा त्याचा धंदा. एका मॉलमधलं इजिप्तचं प्रदर्शन संपलं, तेव्हा तिथलं थर्माकोलचं देऊळ फेकून देणं त्याच्या जिवावर आलं. तीन मजले, ओळीने खांब, मधोमध चढण. "रेडीमेड मखर! यल्ला, चढवा गाडीत," म्हणत स्वारीने ते मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आपल्या हॉलमध्ये मांडलंसुद्धा. बाप्पा उद्या सकाळी बसायचे होते.

बाईंनाही ते आवडलं. ऑर्डरचे मोदक वळता वळता त्या मान उंचावून बघत होत्या. तेवढ्यात लेक पर्णिका शाळेतून आली.

"आई, दिस इज हत्शेपसुत्स टेंपल! शी वॉज डेड, सो दे वर्शिप्ड हर हिअर."

"म्हणजे मेलेल्या बाईचं?" बाईंच्या हातातली पारीच फाटली. "अहो! उद्या बाप्पा यायचे आणि तुम्ही श्राद्धाचा मांडव घातलात? अक्कल गहाण टाकलीत का?"

अंबादासने रंगाचा डबा पुढे ओढला. "अगं, सोनेरी रंग मारतो. कुणाला कळतंय?"

"बाप्पाला कळेल!"

दुसरं मखर करायला वेळ नव्हता आणि बाई हटायला तयार नव्हत्या. पर्णिका मात्र फोनवरचे फोटो दाखवत सुटली. ही राणी दाढी लावून राजा म्हणून गादीवर बसली. व्यापाराला दूरदेशी जहाजं धाडली, त्याची चित्रं याच देवळाच्या भिंतींवर आहेत. ती गेल्यावर सावत्र मुलाने तिचं नाव छिन्नीने खोडलं, पुतळे फोडून खड्ड्यात टाकले. हजारो वर्षांनी खोदणाऱ्यांना ते तुकडे सापडले, तेव्हा कुठे जुळवून जुळवून तिला परत उभी केली.

"मेल्याने नावसुद्धा ठेवलं नाही?" बाई मखरासमोर फतकल मारून बसल्या. त्यांना राणीचा भारी कळवळा आला, आणि कळवळ्यामागोमाग राग. "राहू दे हे मखर. बाप्पा इथेच बसतील. पण एका अटीवर."

"हुकूम कर!"

"ऑर्डरी मी घेते, मोदक मी वळते, आणि दारावर नाव कुणाचं? 'अंबादास फूड्स'! जगाच्या पाट्या रंगवता, माझी एक जमली नाही?"

अंबादास ब्रश घेऊन दारापाशी गेला आणि स्वतःच्या नावावर पांढरा रंग फासायला लागला.

"अहो, खोडताय काय!" बाई आतून ओरडल्या. "मी काय त्या सावत्र मुलासारखी आहे? राहू दे तुमचं. वर माझं लिहा, मोठ्या अक्षरात."