गुरुवारचा शनी

मिरजेच्या कॉलेजात सोळा वर्षं फिजिक्स शिकवलेल्या बाईला आयर्लंडमध्ये कुणी चौथीच्या वर्गावरसुद्धा उभं करेना. चित्रा सबनीसचा हा राग जुना होता आणि तिने तो लोणच्यासारखा मुरवून ठेवला होता. नवरा शिरीष कासलबारच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. त्याचे कागद चालले, तिचे चालले नाहीत. हा दाखला आणा, तो आणा, तो आणेपर्यंत पहिला जुना झाला, मग नवा आणा. तीन वर्षं असा खेळ झाल्यावर तिने फाइल माळ्यावर फेकली आणि आठ इंची आरशाची दुर्बीण विकत घेतली. वर्ग नाही देत ना? नका देऊ. आभाळाला तरी कुणाच्या शिक्क्याची गरज नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

ती राहायची ते गाव कासलबारपासून अर्ध्या तासावर, दलदलीच्या माळाच्या कडेला. अमावस्येच्या आसपास ढग नसले तर तिथे आकाशगंगा दुधासारखी सांडलेली दिसते. पण गावकऱ्यांच्या लेखी आभाळ म्हणजे पाऊस येतो ती जागा. चित्राने फुटबॉलच्या मैदानामागे दुर्बीण लावली आणि दुकानात चिठ्ठी डकवली, 'या आणि बघा'. पहिल्या संध्याकाळी चार माणसं आली, त्यांतली दोन कुत्रा फिरवायला निघालेली. वर्षभरात साठ-सत्तर यायला लागली. शनीची कडी बघून प्रत्येकजण एकच बोलायचा, "आत चित्र चिकटवलंयस ना?" हे ऐकायला ती आसुसलेली असायची. ती नळीच्या तोंडापुढे हात आडवा धरायची. शनी गायब. हात काढला की परत हजर. माणसं लहान मुलांसारखी हसायची. त्या एका क्षणासाठी बाई थंडीत तीन-तीन तास उभी राहायची.

अट्रॅक्टा पहिल्या वर्षापासून यायची. हे नाव त्या भागातल्या एका जुन्या संतिणीचं. आता ऐंशीच्या पुढच्या बायकांतच उरलेलं. चाळीस वर्षं तिने गावचं पोस्ट सांभाळलं होतं. लग्न केलं नाही. कंबरेखाली जोर नव्हता, मान वळत नव्हती, म्हणून पुतणी तिला चाकाच्या खुर्चीत आणून सोडायची. खुर्चीची चाकं दुर्बिणीच्या बैठकीला अडायची आणि डोळा भिंगापासून वीतभर लांब राहायचा. उभी माणसं वाकून बघून जात. अट्रॅक्टाबाई त्यांना काय दिसलं ते विचारत. तीन वर्षं तिने शनी असा ऐकूनच पाहिला. चित्राला ते बघवेना. एकदा ती म्हणाली, "फोटो आणून देऊ का?"

"फोटो पोस्टात पुष्कळ पाहिले," अट्रॅक्टा म्हणाली. "मला तो बघायचाय. माझ्या डोळ्यानं. मग मी जायला मोकळी."

तिच्याबद्दल गावात एक किस्सा सांगत. एका शेतकऱ्याचा अर्ज एक दिवस उशिरा आला. तो म्हणाला, कालच्या तारखेचा शिक्का मार, कुणाला कळणार आहे? ही म्हणाली, मला कळेल. तो माणूस पुढे अकरा वर्षं तिच्याशी बोलला नाही. ती मात्र त्याची पत्रं रोज वेळेवर पाठवत राहिली.

त्या हिवाळ्यात चित्राने गावच्या सुताराला धरलं आणि दोघांनी एक ओटा बनवला. चाकाची खुर्ची थेट आत सरकेल, आणि भिंग बसलेल्या माणसाच्या डोळ्यापाशी येईल, असा. शिरीष म्हणाला, "एका बाईसाठी एवढं?" ती म्हणाली, "एका बाईसाठीच." शनी उन्हाळ्यात वर येणार होता. जुलैमध्ये पहिला मान अट्रॅक्टाचा, असं चित्राने तिला सगळ्यांसमोर वचन दिलं.

फेब्रुवारीत अट्रॅक्टा पडली आणि गावातल्याच वृद्धाश्रमात गेली. २०२०च्या मार्चमध्ये साथ आली आणि त्याचं दार बंद झालं.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. चित्राचं असं गेलं की जगात जेवढ्या वस्तूंना हात लावायची बंदी झाली, त्यांत तिच्या दुर्बिणीचं भिंग पहिल्या रांगेत. शंभर माणसांनी एकामागून एक डोळा लावायची वस्तू! शिरीष हॉस्पिटलातून यायचा, गॅरेजमध्येच कपडे बदलायचा, आणि तिने हा विषय काढला की थकून म्हणायचा, "चित्रा, प्लीज. आज तीन पेशंटना व्हेंटिलेटरची नळी घातलीये मी. तुझा शनी कुठे पळून जात नाहीये." तो खरंच पळून जाणार नव्हता. अट्रॅक्टा चौऱ्याऐंशीची होती, तिच्याबद्दल तसं म्हणता येत नव्हतं.

जुलै-ऑगस्टमध्ये दारं जरा किलकिली झाली तेव्हा शनी दिसायचा रात्री अकराला, आणि आश्रमात सगळे आठला झोपायचे. आश्रमाची मॅनेजर वाईट नव्हती. तिने कॅलेंडर समोर ठेवून विचारलं, "संध्याकाळी पाचला कधी दिसतो?" डिसेंबरात. आणि एकवीस डिसेंबरला तर गुरू आणि शनी इतके जवळ येणार होते की नुसत्या डोळ्यांना एकच चांदणी वाटावी. चित्राने नवं भिंग मागवलं, फक्त अट्रॅक्टासाठी, सीलबंद. ओटा आश्रमाच्या अंगणात मांडायचं ठरलं. डिसेंबर उजाडला, दुसऱ्या कुठल्यातरी आश्रमात साथ शिरल्याची बातमी आली आणि मॅनेजरने हात वर केले. "अंगणातसुद्धा नाही. सॉरी, चित्रा. पण दिवाणखान्यात मोठा टीव्ही आहे."

टीव्हीची कल्पना एन्डाची. हा घरं-जमिनी विकून देणारा माणूस गावच्या नव्या आकाश समितीचा अध्यक्ष झाला होता. आभाळात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. ते काळं आहे एवढं त्याला पुरे होतं, कारण काळं आभाळ पर्यटकांना दाखवता येतं. दुर्बिणीला कॅमेरा लावायचा आणि ती रात्र शाळांना, आश्रमांना थेट दाखवायची, असा त्याचा बेत. चित्रा वर्षभर त्याला नाकं मुरडत आली होती. पडद्यावरच बघायचं तर थंडीत कशाला मरायचं, घरी सिनेमा बघा. आता तिने मुकाट्याने होकार दिला, कारण अट्रॅक्टाच्या डोळ्यापर्यंत जायचा दुसरा रस्ता उरला नव्हता.

अट्रॅक्टाची खोली नैऋत्येला होती. रोज पाचला चित्रा फोन करायची. अट्रॅक्टा खिडकीशी हात लांब करून दोन चांदण्यांतलं अंतर अंगठ्याने मोजायची आणि वहीत दोन टिंबं काढायची. महिन्याच्या सुरुवातीला ते अंगठ्याएवढं होतं. सतरा तारखेच्या गुरुवारी पेन्सिलीच्या जाडीच्या निम्मं. त्या संध्याकाळी आभाळ लख्ख होतं. चित्राने कॅमेऱ्याची तालीम केली, चित्रण करून ठेवलं आणि उत्साहाने फोनवर सांगितलं, "मस्त आलंय! पडद्याच्या एका टोकाला गुरू, दुसऱ्या टोकाला शनी. सोमवारी दोघे मधोमध येतील, अगदी खेटून."

"तू लाइव्ह दाखवशील ना?"

"लाइव्ह."

"मग तो पाहिल्यासारखाच की," अट्रॅक्टा म्हणाली. जराशी नाइलाजानेच म्हणाली.

सोमवारी साडेचारला समुद्राकडून ढग आले. पाच वाजता एक फट दिसली आणि मिटली. लॅपटॉपच्या कोपऱ्यात आकडा चढत होता, दोनशे घरं, सहा शाळा, तीन आश्रम. एन्डाचा फोन आला.

"गुरुवारचं आहे ना तुझ्याकडे? लाव तेच."

"एन्डा, ते आजचं नाही."

"चित्रा, तिकडे म्हातारी माणसं रांगेनं बसवून ठेवलीत. वर्षभर बिचाऱ्यांनी भिंत बघितलीये. त्यांना ढग दाखवू? कुणाला कळणार आहे?"

ही तर शेतकऱ्याचीच ओळ. चित्राला ती ओळखू आली नाही. का आली नाही, हे तिने नंतर स्वतःला शंभरदा विचारलं. गारठ्याने बोटं बधिर झाली होती, चष्म्यावर थेंब होते, आणि मोठ्या टीव्हीपुढे मान ताठ करून बसलेली अट्रॅक्टा डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिला रिकामं परत पाठवायचं? तिने गुरुवारचं चित्रण लावलं. आणि नुसतं लावलं नाही. डोक्यावर राखेसारखे ढग असताना बाईने माइकमध्ये सांगितलं, "हे बघा, आत्ता, या क्षणी, आपण शनीची कडी पाहतोय." मिरजेत कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढणारी ही बाई. आवाज जराही कापला नाही.

सातला तिने अट्रॅक्टाला फोन केला.

"दिसलं?"

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, "ग्रँड होतं, चित्रा. फार सुंदर. थँक यू."

चित्राला रडू आलं. त्या रात्री ती पोटभर जेवली. शिरीषला म्हणाली, "बघितलं रे तिने शेवटी." उन्हाळ्यात खरा दाखवू, ओट्यावर बसवून, मग आजचं हसत हसत सांगून टाकू, असंही तिने मनात ठरवलं. मनातल्या मनात सगळं फेडता येतं.

जानेवारीत साथ त्या आश्रमातही शिरली. अठ्ठावीस तारखेला अट्रॅक्टा गेली. अंत्यविधीच्या प्रार्थनेला दहाच माणसांना परवानगी. बाकी गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांब लांब उभं राहिलं आणि शवपेटीची गाडी पोस्टासमोर मिनिटभर थांबली. चित्रा पावसात उभी होती. निदान वचन तरी पाळलं, असं तिला वाटलं. तेवढ्यावर तिने तो वसंत काढला.

मे महिन्यात पुतणी एक वही घेऊन आली. "आत्याने तुमच्या नावाने ठेवलीये." डिसेंबरची पानं होती. दोन-दोन टिंबं, जवळ जवळ येत गेलेली, आणि प्रत्येकाखाली पोस्टातल्या घोटीव अक्षरात तारीख. शेवटच्या पानावर टिंबं नव्हती.

'२१ डिसेंबर, सोमवार. ढग. दिसलं नाही. टीव्हीवर गुरुवारचं.'

बस, एवढंच. चित्रा तशीच दारात उभी राहिली. पुतणी विचारत होती, "आर यू ओके?" ती इकडच्या सवयीने 'ग्रँड', म्हणजे ठीक आहे, म्हणाली, आणि फोनवर अट्रॅक्टाही हाच शब्द बोलली होती हे तिला आठवलं. म्हातारीला खिडकीतून ढग दिसत होते. एका टोकाला गुरू, दुसऱ्या टोकाला शनी, हे तर चित्रानेच तिला सांगून ठेवलं होतं. बघायला शिकवलं ते तिनेच, आणि फसवलं तेही तिनेच. जिने आयुष्यात खोट्या तारखेचा शिक्का मारला नाही तिने चित्राची खोटी तारीख वहीत नोंदवली आणि फोनवर पोटात घातली. रागावली असती तर बरं झालं असतं. चित्राला तिचा तो चांगुलपणा सहन होईना.

ऑक्टोबरात समितीने ओटा मैदानामागे कायमचा बसवला. वर स्टीलची पाटी: 'अट्रॅक्टा यांच्या स्मरणार्थ, ज्यांनी २१ डिसेंबर २०२० रोजी शनीची कडी पाहिली.' चित्राने एन्डाला फोन करून सगळं सांगितलं, वहीचंसुद्धा. तो हसला. "अगं, पाटी झाली करून. आणि आता कुणाला कळणार आहे?"

"मला," ती म्हणाली. पण फार उशिरा म्हणाली, आणि पाटी राहिली.

उद्घाटनाला आभाळ निर्मळ होतं. साडेसातला दक्षिणेला शनी टिपून ठेवल्यासारखा स्थिर. पहिला मान चाकाच्या खुर्चीतल्या एका आजोबांचा. खुर्ची ओट्यात अलगद सरकली, भिंग नेमकं डोळ्याशी आलं, इंचभरही चूक नाही. आजोबांनी श्वास रोखला. मग मिश्किलपणे मान वर करून म्हणाले, "खरं सांग बाई, आत चित्र चिकटवलंयस ना?"

सगळे हसले आणि चित्राकडे बघायला लागले. आता ती हात आडवा धरणार, हे गावाला पाठ होतं. तिचे हात कोटाच्या खिशातच राहिले.