आईचा गॉगल आणि काउंटरवरचे दोन बांगडे

आमच्या घरात कुणाचीच नजर कमजोर नव्हती, कारण ती कधी कुणी तपासलीच नव्हती.

बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. आई पहाटे बंदरावरच्या लिलावात मासळी घ्यायची आणि डोक्यावर पाटी घेऊन रत्नागिरीभर दारोदार विकायची. पाटी रिकामी झाली तर घरात भात, नाहीतर त्याच मासळीचं कालवण आणि पेज. डोळे तपासणं हा आमच्या लेखी श्रीमंतांचा आजार होता. लांबचं दिसत नसेल तर जवळ जायचं, संपला उपचार!

अशा घरातून मी बी.एस्सी. झाले. तीही पदार्थविज्ञान घेऊन! अख्ख्या आळीत पहिली. (हे मी सांगितलं नाही तरी आई सांगतेच. गिऱ्हाइकानं पापलेटाचा भाव विचारला तरी त्याला आधी माझी पदवी ऐकावी लागते.) नोकरी लागल्याबरोबर मी ठरवलं, आता घरात सुधारणा करायची. सुरुवात आईपासून.

त्याला कारणही तसंच घडलं. आमच्या बंदरावर बोली तोंडानं कमी आणि डोळ्यांनी जास्त लागते. भाव पुकारणाऱ्याकडे बघून डोळा बारीक केला की बोली वाढली. त्या दिवशी उगवतीचं ऊन पाण्यावरून थेट आईच्या डोळ्यांत आलं. तिनं डोळे किलकिले केले, आणि मुशीचा, म्हणजे लहान शार्कचा, अख्खा ढीग तिच्या गळ्यात पडला! तिच्या गिऱ्हाइकांत मुशी खाणारं एकही घर नाही. चार दिवस आम्हीच खात होतो.

"आये, लिलावात डोळा कशाला मारलास?"

"मी? या वयात? मेले, ऊन घुसत होतं डोळ्यात! आणि तो पुकारणारा तरी कोण? नुसता ढग दिसतो मला."

म्हणजे ऊनही लागत होतं आणि नंबरही होता. मी तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, नंबर काढला आणि म्हणाले, "नंबरचाच गॉगल करा. कशासाठी हवाय?"

मी पदवीला शोभेल अशा आवाजात म्हटलं, "आउटडोअर ॲक्टिव्हिटीसाठी."

"म्हंजे काय गो?" आईनं विचारलं.

"म्हणजे लिलाव."

डॉक्टरांनी एक काच दाखवली. उन्हात काळी होते, सावलीत पांढरी. आई म्हणाली, "सरडा नको मला डोळ्यावर!" मग पाण्याची चमक मारणाऱ्या काचा आल्या, त्यातही रंग वेगवेगळे. "रंगाचं एक सांगतो," असं डॉक्टर म्हणायला लागले, पण मी पदार्थविज्ञानवाली! "मला माहीत आहे," म्हणून मी त्यांना तिथंच थांबवलं. (काय माहीत होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.) मी झकास तांबूस काच निवडली. आई त्यात अशी काही दिसली की दुकानातली मुलगी म्हणाली, "मावशी, गोव्याला चाललात का?"

गॉगल घालून आई बंदरावर गेली. ऊन गायब! पुकारणारा स्पष्ट! आणि मासळी तर काय विचारता! मासा ताजा आहे की नाही हे कल्ल्यावरून कळतं. कल्ला लालबुंद असेल तर ताजा, फिकट पडला असेल तर शिळा. नाकाचा तिथं उपयोग नाही, कारण सगळ्या बंदराला एकच वास. त्या दिवशी आईला बघावा तो कल्ला लालबुंद दिसला. हरखून तिनं दोन पाट्या बांगडे घेतले.

दुपारी बांगडे परत यायला लागले.

आधी कोर्टात नोकरी करणाऱ्या एक वहिनी पिशवी घेऊन आल्या. मग एक रिक्षावाला कागदात गुंडाळून घेऊन आला. शेवटी खानावळवाला आला, तो थेट शिजवलेल्या तिखल्याचं, बांगड्याच्या झणझणीत कालवणाचं, पातेलं घेऊन! ओट्यावर ठेवून म्हणाला, "मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात आई कुणाला हार जात नाही.

संध्याकाळी तिनं गॉगल डब्यात घातला. "माज्या पाटीतला मासा कदी परत आलेला बगितलास? उद्यापासून लिलाव बंद. दुसऱ्या बाईकडून उचलीन आणि विकीन."

लिलावाच्या पुढच्या रांगेतली ती जागा तिनं भांडून, ढकलून, वर्षानुवर्षं उभी राहून मिळवली होती. एकदा सोडली की दुसरी बाई तिथं पाय रोवणार. आणि हे सगळं मी निवडलेल्या काचेपायी! मी गॉगल स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. पातेल्यातला बांगडा लाल. मांजर लाल. आईचा चेहराही लाल. (तो गॉगल काढल्यावरही लालच होता.)

"आये, विज्ञानानं बिघडवलंय, विज्ञानच दुरुस्त करील. उद्या प्रयोग करू."

दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसून, अबोलीचा गजरा माळून दुकानात आली. मी पिशवी घेऊन आले. पिशवीतून दोन बांगडे काढून काचेच्या काउंटरवर पेपर पसरून ठेवले. एक ताजा, एक कालचा.

"अगो, लाज आण जरा!" आई पदराआड पुटपुटली. "मी आंगोळ करून आलंय!"

दुकानात एसी होता. वासाला कुठून जायचं ते कळेना. गिऱ्हाइकं पळतील असं मला वाटलं, पण गिऱ्हाइकं रत्नागिरीची! उलट सगळी जवळ सरकली. एक निवृत्त गुरुजी वाकून म्हणाले, "हा कालचा. परवाचाही असेल." पावसच्या एका काकूंनी तर स्वतःची तपासणी अर्धवट सोडली आणि डोळ्यांत औषध घातलेलं असताना बोटानं दाबून निकाल दिला.

डॉक्टर मात्र खरे शास्त्रज्ञ निघाले. म्हणाले, "लिलावात लांबून बघावं लागतं ना? मग मासे लांब ठेवा." बांगडे त्यांनीच उचलून दाराजवळच्या स्टुलावर नेले. कल्ले उघडून ठेवले. आई एकेक काच लावून बघू लागली. तांबूस लावली, दोन्ही ताजे. पिवळी लावली, दोन्ही तळलेले! शेवटी राखी काच लावली आणि आई ताठ झाली.

"डावा ताजा. उजवा शिळा."

"चूक!" मी परीक्षकाच्या रुबाबात म्हटलं. "उजवा ताजा!"

सगळी गिऱ्हाइकं बांगडे सोडून माझ्याकडे बघू लागली.

"अगो बाय," काकू हळूच म्हणाल्या, "आई बरोबर सांगते."

"मुली, तुला इथून कल्ले दिसतायत ना?" गुरुजींनी विचारलं.

"कल्ले राहू देत," डॉक्टर म्हणाले. "मासे दिसतायत का? या, खुर्चीत बसा."

मी बसले. समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं वाचलं आणि खाली आणखीही अक्षरं आहेत हे ऐकून थक्क झाले. कॉलेजात फळा मला कायम धूसर दिसायचा. मला वाटायचं, विषयच तसा आहे!

आईला राखी गॉगल मिळाला. लिलावातली जागा तिचीच राहिली, आणि तिच्या पाटीतला मासा पुन्हा परत आला नाही. खानावळवालाही भाव करत परत आला.

माझा नंबर आईच्या दुप्पट निघाला. आता गिऱ्हाइकानं पापलेटाचा भाव विचारला की आई आधी माझी पदवी सांगते, मग माझा नंबर सांगते, आणि त्यानंतर पापलेटाचा भाव!