दारातून तीनशे मिलिमीटर

लेन्स मी चुकीची घेतली.

लेन्समध्ये खोट नव्हती. ज्या कारणासाठी घेतली ते कारण सडकं होतं. पण छातीवर हात बसला तेव्हा एवढी अक्कल मला कुठली?

हात विद्याधररावांचा. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सॉल्ट लेकमध्ये घर केलेले, कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंडळाच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा चालू होती. मखरासमोर रांगोळीची एक सरळ रेघ ओढलेली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, रेघेपलीकडे पाय टाकला आणि त्यांनी तळहात माझ्या छातीवर हाणला. दाणकन. मी धडपडत मागे गेलो तो एका मावशींच्या पायावर. त्या किंचाळल्या.

"तिथूनच काढ," विद्याधरराव म्हणाले. "आत सोवळ्याचं आहे. झूम नाही का तुझ्या कॅमेऱ्याला?"

कॅमेरा मिररलेस, कोरा करकरीत. लेन्स मात्र त्याच्यासोबत आलेली, चिमुकली. "आहे काका, पण एवढा लांबचा नाही."

"मग कसला रे तू फोटोग्राफर?"

हॉल हसला. मीही हसलो. ही माझी जुनी खोड. लोक मला हसायला लागले की मी लगेच त्यांच्यात सामील होतो, म्हणजे एकटा पडत नाही.

त्याच वेळी व्हिडिओवाला पल्टू रेघेच्या आत होता. बंगाली माणूस, तोंडात पानमसाला, मखराला जवळजवळ टेकून गुडघ्यावर बसलेला. गुरुजी त्याला वळसा घालून जात होते. कोणी हटकलं नाही. मी हे धडधडीत पाहिलं. आणि निष्कर्ष काय काढला? पल्टूची लेन्स आखूड असणार, म्हणून त्याला आत सोडलंय.

मी सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो.

आता आम्ही कोण ते सांगतो, नाहीतर हात छातीवर का बसला ते कळायचं नाही. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. नांदेडकडून बदली होऊन इथं आले, बराकपूरला घर केलं, तिथंच गेले. आता आई आणि मी. आम्ही बौद्ध. वडिलांच्या गावात आमची वस्ती वेशीबाहेर. बंगाल्यांना यातलं काही उमगत नाही. ऑफिसात मी नुसता 'बोर्गी', म्हणजे कोणे एके काळी इथं लुटालूट करून गेलेला मराठा घोडेस्वार. सगळ्या मराठी माणसांना ते एकाच घोड्यावर बसवतात. मला ते आवडायचं. आयता घोडा मिळायचा.

आपल्या माणसांना मात्र घोड्यावरून उतरवल्याशिवाय चैन पडत नाही. मंडळाचे दोघं वर्गणीला घरी आले होते. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो पाहिला. आईनं पाणी आणलं. "आत्ताच प्यायलो हो," म्हणाले आणि तोंडाला फेस येईस्तोवर कोरड्या घशानं बोलत बसले. आई तेव्हापासून मंडळाचं नाव काढू देत नाही.

"तिकडं कशाला जातोस?" ती विचारायची.

"फोटो काढायला. पाया पडायला नाही."

खरं कारण वेगळं होतं. मला मराठी ऐकायचं होतं. घरात आईचं एकटीचं मराठी. हॉलभर मराठी, भांडणं, टोमणे, 'अगं' आणि 'अहो', असं कानावर पडलं की मला वाटायचं, आपणही कुठले तरी आहोत. तेवढ्यासाठी मी छातीवर हात सोसला. दुसऱ्याच शनिवारी लेन्स घ्यायला गेलो.

धर्मतल्ल्याजवळ कॅमेऱ्यांच्या दुकानांची गल्ली आहे. दुकानदारानं काउंटरवर दोन झूम लेन्स शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक सतरा-सत्तर. बुटकी, भरीव. दुसरी अठरा-तीनशे. फिरवली की नळी बाहेर येते, भाला उपसल्यासारखी. आकडा लहान तेवढं समोरचं सगळं मावतं, आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ येतं. एवढंच गणित.

"ये वाला लीजिए," त्यानं बुटकी पुढं सरकवली. "घर के अंदर, कम लाइट में, मस्त. बस थोड़ा पास जाना पड़ेगा."

"पास नहीं जा सकता."

"काहे? कितना दूर से उठाएगा?"

"दरवाज़े से."

त्यानं मला नीट न्याहाळलं. "दादा, आप शादी का फोटो उठाता है कि जासूसी करता है?"

मी हसलो. सामील झालो. अठरा-तीनशे घेतली. त्यानं बजावलं होतं, तीनशेवर गेलात की उजेड गुदमरतो, हॉलमध्ये फोटोत वाळू येईल. येऊ दे वाळू. मला रेघेबाहेर उभं राहून गणपतीच्या सोंडेवरचं कुंकू टिपायचं होतं. सगळ्या दुखण्यांवर एकच मलम, एकाच नळीत.

मग माझं नाव झालं. बारसं, साखरपुडा, साठीशांत, मंगळागौर. "त्यालाच बोलवा, बाई. मध्ये मध्ये करत नाही." मी दारातून काढायचो, गॅलरीतून काढायचो. एका बारशाला चक्क जिन्यातून काढले. आणि बढाया! घरी आलेल्या-गेलेल्याला दाखवायचो: "बघा, मी उंबऱ्यात होतो आणि बाळाच्या गालावरची तीट मोजून घ्या." माझा बाप गावात वेशीबाहेर उभा राहिला त्याला नाइलाज होता. मी वेशीबाहेर उभं राहायचं यंत्र हौसेनं विकत घेतलं आणि त्याला तंत्र म्हणत होतो.

दोन वर्षं गेली. विद्याधररावांच्या नातवाची मुंज ठरली. सॉल्ट लेकमधलाच कम्युनिटी हॉल. खांबांना केळीचे खुंट बांधलेले, रांगोळीची रेघ आपल्या जागी, मी आपल्या जागी. दारात.

मातृभोजनाची वेळ. मुंजीआधी आई मुलाला आपल्या ताटातला शेवटचा घास भरवते, ते. विद्याधररावांची सून सायली मुलाला मांडीवर घेऊन बसली. मूल इथंच वाढलेलं. "आई, आर नाही खायचं," असं अर्धं बंगाली अर्धं मराठी रडत होतं; 'आर' म्हणजे आणखी. तीही रडत होती. हॉलमधला उजेड पिवळट, मेलेला. मी तीनशेवर ताणलं. फोटो हलला. पुन्हा ताणलं. वाळू.

तिनं मान वर केली. "दादा, असे लांब का उभे? जवळ या ना. मला हा घास नीट हवाय."

मी पाय उचलला.

"अगं, त्याला नको," विद्याधरराव म्हणाले. उघडे, मुकटा नेसलेले. "आत सोवळ्याचं आहे."

"पण बाबा, व्हिडिओवाला तर इथंच बसलाय." पल्टू खरंच तिथं होता. या खेपेला तर त्याचं कोपर वरणाच्या वाटीला लागत होतं.

"तो बंगाली," विद्याधरराव शांतपणे म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसे. "त्याचं आपल्याला काय ठाऊक? याचं ठाऊक आहे ना."

याचं ठाऊक आहे ना.

नोकरीत इतकी नेमकी चूक मला आजवर कोणी दाखवली नव्हती. पल्टूचं ठाऊक नाही म्हणून पल्टू आत. माझं ठाऊक आहे म्हणून मी बाहेर. माझी भाषा त्यांना कळते, माझं आडनाव त्यांना कळतं, माझं गाव त्यांना कळतं. मी परका नाही, हाच माझा गुन्हा. ज्या मराठीसाठी मी तिथं तडफडत जात होतो त्याच मराठीनं ते मला ओळखून काढत होते.

मी रेघेवर पाय ठेवला. ओलांडली नाही. टाचेखाली धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफटत पुसली.

कुणीतरी "अहो!" म्हणालं. मग विद्याधररावांचा पुतण्या निखिल उठला. जिममध्ये कमावलेले दंड, त्यावर गंधाचे पट्टे. त्यानं मागून कॅमेऱ्याचा पट्टा धरला आणि माझा गळा आवळला. समोरून विद्याधररावांचा पंजा आला. मी लेन्स अठरावर आणली की ती आपोआप आत गेली, देव जाणे. बोट बटणावर होतं. दाबलं गेलं. मग तोंडावर चापट. डोळ्यांपुढं पांढरं.

मी ठोसा मारला. आयुष्यातला पहिला. तो केळीच्या खुंटाला लागला. खुंट आडवा झाला, माझी बोटं सोलली. दुसरा निखिलच्या नाकावर बसला. तो बसेल अशी आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती. त्याच्या नाकातून रक्त आलं आणि मुकटा सुटला. एका हातानं तो मुकटा धरत होता, दुसऱ्यानं मला बुकलत होता. दोघं-तिघं आणखी आले. पाठीत लाथ. ओठ फुटला. पट्टा तुटला, कॅमेरा फरशीवर आपटला आणि लेन्स मुळापासून मोडली. काचा अक्षतांच्या तांदळात.

"कार्ड काढ!" निखिल माझ्या बरगडीवर गुडघा रोवून ओरडत होता. "कार्ड दे साल्या!"

कार्ड कॅमेऱ्यात, कॅमेरा माझ्या पोटाखाली. त्यानं माझी बोटं पिरगाळली. मी त्याच्या मनगटाला चावलो. हो, चावलो. दात रुतेपर्यंत. तोंडात हळदीची चव आली. त्या दिवशीचं मुंजीचं जेवण मला तेवढंच मिळालं.

पल्टूनं मला काखेत हात घालून उठवलं आणि जिन्यापर्यंत नेलं. त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. "कोनो टाका-पोयसार ब्यापार?" त्यानं विचारलं. पैशाचं काही भांडण होतं का, म्हणून. मी नाही म्हणालो. दुसरं कारण त्याला कोणत्या भाषेत सांगायचं ते मला सुचेना.

बराकपूरच्या गाडीत समोरच्या म्हाताऱ्यानं माझा ओठ पाहिला. "की होयेछे, दादा?"

"पोइते," मी म्हणालो. मुंजीला ते हेच म्हणतात.

त्यानं माझा शर्ट पाहिला, सोललेली बोटं पाहिली. "खूब खाइयेछे, देखछी!" म्हणजे बरंच खायला घातलेलं दिसतंय. डबा हसला. आणि मला, ज्याला इतरांबरोबर हसायची खोड, त्याला हसू आलं नाही. पहिल्यांदाच. ओठ दुखत होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं.

घरी येऊन कार्ड उघडलं. दारातून काढलेले सगळे फोटो भुरकट. घास कुठला, तोंड कुठलं, कळत नव्हतं. स्वच्छ एकच. शेवटचा. विद्याधररावांचा पंजा, अठरा मिलिमीटरवर, चौकट भरून. हातावरच्या रेषा, अंगठीतला पुष्कराज, बोटांच्या फटीतून मागचा हॉल, आणि त्यात घास हातात धरून थिजलेली सायली. मी तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'हा हात कुणाला सोडतो आणि कुणाला अडवतो, ते विचारा.' कोणीही विचारलं नाही. मला ग्रुपमधून काढलं. त्याआधी एकानं चुकून अंगठा दाखवला होता, तोही मागं घेतला.

रात्री सायलीचा निरोप आला. तेवढंच: 'मातृभोजनाचा एक तरी नीट आलाय का?'

'नाही,' मी लिहिलं. 'मी लांब उभा होतो.' माफी तिनं मागितली नाही, मीही मागितली नाही. तिचा घास माझ्या आज्ञाधारकपणानं खाल्ला होता, हे मात्र खरं.

सूज उतरल्यावर त्या गल्लीत गेलो आणि सतरा-सत्तर घेतली. दुकानदार म्हणाला, लांबचं काही मिळणार नाही हं यात, समजून घ्या. म्हटलं, समजून घेतलंय.

आई तांदूळ निवडत होती. लेन्स तिच्यासमोर ठेवली आणि भाषण ठोकलं. ओठावर खपली, तरी ठोकलं. ही लांबून काढत नाही. हिला हातभर अंतरावर जावं लागतं. यापुढं आमंत्रण आलं की आधी विचारणार: मी आत कुठपर्यंत येणार? सगळ्यांसारखा येणार असेन तर येईन. एक पाऊलही अलीकडे थांबा म्हणालात, तर तुमच्या देवाचा, तुमच्या लेकराचा, तुमच्या मढ्याचाही फोटो माझ्याकडून निघणार नाही. हात उचललात तर माझाही उठेल, आणि आता तो केळीच्या खुंटाला लागणार नाही. मराठी ऐकायला मिळो न मिळो. ज्या मराठीत मी दारात उभा, ती मला नको.

आईनं सगळं ऐकून घेतलं. एक खडा वेचून बाजूला टाकला. लेन्स उचलून वजन पाहिलं, खाली ठेवली.

"तुझ्या बापाला हे पहिलीत कळलं होतं," ती म्हणाली. "तू एवढा शिकलास, चाळिशीला टेकलास, आणि तुला दोन-दोन भिंगं विकत आणावी लागली. बैल आहेस."